मेडिकल रायटिंगचा कोर्स घेताय? पेटीतला खालचा थर आधी बघा

मे महिन्यात आंब्याची पेटी घेताना आपण वरचा थर बघून पैसे मोजत नाही. पेंढा बाजूला सारतो, खालचे दोन आंबे काढतो, देठाशी नाक नेतो आणि मगच भाव करतो. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी खोक्यावर नाव एक आणि आत फळ भलतीकडचं हा प्रकार थांबलेला नाही, हे रत्नागिरी-देवगडात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण मेडिकल रायटिंगचा, म्हणजे औषधं आणि त्यांच्या चाचण्यांबद्दल लिहिण्याचा, कोर्स घ्यायची वेळ आली की हीच आपण माणसं रंगीत ब्रोशर बघून चाळीस-पन्नास हजार भरून मोकळी होतो. मीही झाले होते.

त्या कोर्समध्ये साठ रेकॉर्डेड व्हिडिओ होते, प्रत्येकाखाली चार पर्यायांचे दहा प्रश्न, आणि शेवटी सोनेरी कडेचं सर्टिफिकेट. सहा महिन्यांत मी एक परिच्छेदही लिहून कोणाला दाखवला नाही, कारण दाखवायला कोणी नव्हतंच. मग पुण्याच्या एका कंपनीची लेखी परीक्षा दिली. एक तक्ता समोर ठेवला आणि त्यावर तीनशे शब्द लिहायला सांगितले. मी तक्त्यातला एकूण एक आकडा वाक्यांत ओतला. निकाल काय लागला असेल ते सांगायला नको.

बी. फार्म., एम. एस्सी., बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस किंवा नर्सिंग करून घरी बसलेल्या, किंवा लोटे-परशुराम नाहीतर महाडच्या एमआयडीसीत शिफ्ट करून कंटाळलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. काम चांगलं आहे, घरून करता येतं, आणि गावात राहून करणारे आता थोडे नाहीत. पण शिकायचं कुठे, हे ठरवताना क्रम चुकवू नका.

पहिलं काम: कुठल्या प्रकारचं लिखाण, ते ठरवा

‘मेडिकल रायटिंग’ या एका नावाखाली चार वेगवेगळे धंदे आहेत. सगळं शिकवतो म्हणणारा कोर्स बहुधा काहीच नीट शिकवत नाही.

रेग्युलेटरी रायटिंग म्हणजे औषधाला परवानगी मिळवण्यासाठी लागणारी कागदपत्रं: चाचणीचा प्रोटोकॉल म्हणजे आराखडा, इन्व्हेस्टिगेटर्स ब्रोशर म्हणजे चाचणी करणाऱ्या डॉक्टरांसाठी औषधाची माहितीपुस्तिका, चाचणी संपल्यावरचा क्लिनिकल स्टडी रिपोर्ट म्हणजे सीएसआर, आणि सगळ्याचे सारांश. इथे शैलीला वाव कमी, शिस्तीला जास्त. पब्लिकेशन रायटिंगमध्ये जर्नलचे लेख, परिषदेचे अ‍ॅबस्ट्रॅक्ट आणि पोस्टर येतात. डॉक्टरांना एमआर जे रंगीत एलबीएल, म्हणजे टेबलावर ठेवून जायचं पत्रक, देतो ते मेडिको-मार्केटिंगवाल्यांचं काम. चौथा भाग रुग्णांसाठी लिहिण्याचा: माहितीपत्रकं, संमतीपत्रं, चाचणीचे सोप्या भाषेतले निष्कर्ष. फार्माकोव्हिजिलन्समधली (औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवण्याच्या कामातली) नॅरेटिव्ह, म्हणजे एखाद्या रुग्णाला औषधाने काय त्रास झाला त्याची तारीखवार हकिगत, ही रेग्युलेटरीच्या शेजारची वाडी समजा. नवख्यांना तिथून आत शिरणं तुलनेने सोपं जातं.

ठरवायचं कसं? नोकरीच्या वीस जाहिराती उघडा आणि वहीत लिहा की कुठले शब्द पुन्हा पुन्हा येतायत. ज्या शब्दांशी तुमच्या शिक्षणाचं आणि स्वभावाचं जमतं, तो तुमचा प्रकार. एका संध्याकाळचं काम आहे, पण हे न करता कोर्स शोधू नका.

दुसरं काम: दोन महिने फुकटात शिका

हा टप्पा लोक गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात. या धंद्याचे मूळ ग्रंथ सगळे मोफत आहेत. महागडे कोर्स त्यांच्याच स्लाइड करून विकतात.

सुरुवात जीसीपीने करा, म्हणजे माणसांवरच्या चाचण्या कशा करायच्या त्याचे नियम. द ग्लोबल हेल्थ नेटवर्क या संकेतस्थळावर जीसीपीचा कोर्स विनामूल्य आहे, सर्टिफिकेटसकट. पुढे संशोधनाची पद्धत समजायला चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा (आयसीएमआर-एनआयई) ‘बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च’ एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षणमंचावर घ्या. वैद्यकीयच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तो सक्तीचा आहे, म्हणजे दर्जाची काळजी नको. व्याख्यानं फुकट, परीक्षेला फी. एक मात्र बघा: परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. नोंदणीआधी केंद्रांच्या यादीत तुमच्या जवळचं गाव कुठलं ते पाहा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, त्या हिशोबाने आदल्या दिवशीच निघायची तयारी ठेवा.

इंग्रजी लिखाणासाठी स्टॅनफर्डच्या क्रिस्टिन सैनानी यांचा ‘रायटिंग इन द सायन्सेस’ कोर्सेरावर आहे. सर्टिफिकेटचे पैसे भरण्याआधी नुसतं बघण्याचा पर्याय दिसतो का ते शोधा. फुगलेलं वाक्य कसं कापायचं हे या बाईंनी जितकं स्वच्छ दाखवलंय तितकं मी कुठे पाहिलं नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांनी तर हा चुकवूच नये. आपल्याला इंग्रजी येत नाही ही भीती निम्मी खोटी असते. या कामात अलंकारिक इंग्रजी लागत नाही. ‘औषधामुळे झालं’ आणि ‘औषध घेतल्यानंतर झालं’ यातला फरक ज्याला मराठीत कळतो, त्याला तो इंग्रजीतही शिकवता येतो.

रेग्युलेटरीकडे जायचं असेल तर आयसीएच या औषधनियमांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं ई३ हे मार्गदर्शक तत्त्व उतरवून घ्या. १९९५ सालचं आहे, पण सीएसआरचा सांगाडा आजही तोच आहे: सारांश दुसऱ्या कलमात, परिणामकारकता अकराव्यात, सुरक्षितता बाराव्यात, आणि मघाशी म्हटलेली नॅरेटिव्ह १२.३.२ मध्ये. पहिल्या वाचनात झोप येईल. येऊ द्या. नंतर २०१६ सालचं ‘कोअर रेफरन्स’ बघा, तेही मोफत आहे. ई३ चा अर्थ आजच्या काळात कसा लावायचा ते त्यात कलमागणिक दिलंय. पब्लिकेशनकडे जाणाऱ्यांनी इक्वेटर नेटवर्क या संकेतस्थळावरच्या, लेखात काय काय यायला हवं ते सांगणाऱ्या चेकलिस्ट आणि आयसीएमजेईच्या, म्हणजे वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या समितीच्या, शिफारशी वाचाव्यात. लेखक कोणाला म्हणायचं आणि कोणाला नाही, हा प्रश्न पहिल्याच नोकरीत अंगावर येतो.

आता हात चालवायचा सराव. त्यासाठी घराजवळचं उदाहरण देते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर जे काम केलं ते जगभर वाचलं जातं. विंचू चावला की काय होतं हे आपल्याकडे भातकापणी केलेल्या कुठल्याही घरात विचारा. त्यांची एक चाचणी २०११ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये आली आणि ती मोफत वाचता येते. नुसतं प्राझोसिन हे औषध एका गटाला, प्राझोसिन आणि प्रतिविष दुसऱ्या गटाला, प्रत्येकी ३५ रुग्ण. दहा तासांनी लक्षणं पूर्ण ओसरलेले रुग्ण प्रतिविषाच्या गटात ३२, नुसत्या प्राझोसिनच्या गटात ८.

हा पेपर असा वाचा. वरचा सारांश कागदाने झाका. आतला मजकूर वाचून अडीचशे शब्दांत स्वतः सारांश लिहा. टक्के स्वतः काढा. मग कागद उचला आणि ताडून बघा: तुमच्याकडून काय सुटलं, तुम्ही काय जास्तीचं घातलंत. त्यानंतर अवघड भाग. ही चाचणी ओपन लेबल होती, म्हणजे कोणाला काय दिलंय हे उपचार करणाऱ्यांना माहीत होतं. निष्कर्षावर त्याचा काय परिणाम होऊ शकतो, हे दोन वाक्यांत लिहा, ना लेखकांवर टीका करत, ना त्यांची बाजू घेत. ही दोन वाक्यं मला पहिल्यांदा लिहायला दीड तास लागला होता.

दोन महिने हे केल्यावरही उत्साह टिकला तर पैसे खर्च करायचा विचार करा. काहींना इथेच कळतं की हे आपलं काम नाही. तेही स्वस्तात कळलं.

तिसरं काम: कोर्सवाल्याला विचारायचे प्रश्न

पहिला आणि सगळ्यात मोठा प्रश्न: माझी किती पानं कोण तपासणार? ‘असाइनमेंट आहेत’ हे उत्तर नव्हे. असाइनमेंट किती, प्रत्येक किती शब्दांची, तपासणारा माणूस सध्या या क्षेत्रात काम करतो का, आणि सुधारून पुन्हा दिली तर पुन्हा वाचणार का? जुन्या विद्यार्थ्याची नाव झाकलेली, लाल शेऱ्यांनी भरलेली एखादी प्रत दाखवायला सांगा. ज्याच्याकडे ती आहे तो आनंदाने दाखवतो. ज्याच्याकडे नाही तो प्लेसमेंटचा विषय काढतो.

माझा दुसरा कोर्स फार लहान होता, फी पहिल्याच्या एक तृतीयांश. ना ब्रोशर, ना सोनेरी कड. चार असाइनमेंट, आणि शिकवणाऱ्या बाई स्वतः वीसेक वर्षं सीएसआर लिहिणाऱ्या. पहिली असाइनमेंट परत आली तेव्हा माझ्या मजकुरापेक्षा त्यांचे शेरे जास्त होते. समासात एका ठिकाणी लिहिलं होतं, ‘आकडे सगळे सांगितलेस, वाचणाऱ्याला कळलं काय?’ पुण्याच्या परीक्षेत मी का आपटले ते त्या एका ओळीत समजलं. तक्ता सगळं सांगतोच. लिहिणाऱ्याने त्यातलं महत्त्वाचं काय ते दाखवायचं असतं. हे व्हिडिओ बघून कळत नाही. कोणीतरी आपलं लिखाण वाचून खोडावं लागतं.

दुसरा प्रश्न मालाच्या ताजेपणाचा. या क्षेत्रातले नियम गेल्या काही वर्षांत भराभर बदललेत, आणि जुनी व्याख्यानं तशीच विकणं सोपं असतं. म्हणून अभ्यासक्रम मागवून घ्या आणि हे तपासा. जीसीपीची कुठली आवृत्ती शिकवतात? ई६, म्हणजे जीसीपीचं आयसीएच मार्गदर्शक तत्त्व, त्याची तिसरी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये आली. २०१६ च्या आवृत्तीवरच थांबलेले असतील तर विचारा का. भारतातल्या चाचण्यांचा धडा ‘शेड्यूल वाय’ या जुन्या नियमांनी सुरू होऊन तिथेच संपत असेल तर तो माल शिळा आहे, कारण २०१९ पासून नव्या औषधांचे आणि चाचण्यांचे वेगळे नियम लागू आहेत. चाचणीच्या लेखांसाठीची कन्सॉर्ट चेकलिस्ट २०२५ साली नवी झाली, त्याआधीची २०१० ची. माणसांवरच्या संशोधनाची नीती सांगणारा हेलसिंकी जाहीरनामा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुधारला. पब्लिकेशनच्या कोर्समध्ये जीपीपी २०२२ चं, म्हणजे कंपन्यांच्या संशोधनाचे लेख कसे छापायचे त्या संकेतांचं, नाव यायला हवं. फोनवर बोलणाऱ्या समुपदेशकाला हे ठाऊक नसणार, त्याचा दोष नाही. ‘शिकवणाऱ्यांना विचारून कळवा’ म्हणा. कळवतात की नाही, तेही उत्तरच.

एआयबद्दल काय शिकवता, हेही विचारा. आयसीएमजेईचं म्हणणं स्पष्ट आहे: एआय लेखक होऊ शकत नाही आणि वापरलं असेल तर सांगावं लागतं. ‘एआयने दहा मिनिटांत मॅन्युस्क्रिप्ट’ असल्या जाहिरातीचा कोर्स असेल तर फोन ठेवून द्या.

प्लेसमेंटबद्दल. ‘शंभर टक्के नोकरी’ हे शब्द दिसले की मागे फिरा. कोचिंगच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात नोकरीची अशी हमी देण्याला मनाई आहे. ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ म्हणजे अनेकदा नोकरीच्या जाहिरातींच्या लिंक एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतात, एवढंच. जुन्या विद्यार्थ्यांशी बोलायचं असेल तर संस्थेने दिलेले तीन नंबर सोडा. लिंक्डइनवर त्या कोर्सचं नाव शोधा आणि एक-दोन वर्षांपूर्वी तो केलेल्यांना स्वतःहून लिहा. पाचातले दोन उत्तर देतील, तेवढे पुरे.

पैशांबद्दल एक सावधगिरी. ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हटलं की नीट वाचा. बऱ्याचदा ते तुमच्या नावावरचं एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. संस्थेला पैसे पोहोचतात, आणि कोर्स आवडला नाही म्हणून सोडलात तरी हप्ते तुमच्या मागे राहतात. फी परत कधी आणि किती, हे ईमेलवर लेखी घ्या. ‘आजच भरलं तर निम्मी फी’ म्हणणाऱ्याला ‘उद्या सांगते’ म्हणा. फी उद्याही निम्मीच असते. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

मोठ्या नावांचं काय?

युरोपातल्या ईएमडब्ल्यूए आणि अमेरिकेतल्या एएमडब्ल्यूए या मेडिकल रायटरांच्या संघटना आहेत आणि त्यांचं शिक्षण खरोखर चांगलं आहे. ईएमडब्ल्यूएच्या कार्यशाळांत आधी आणि नंतर असाइनमेंट असते, म्हणजे आपल्या पहिल्या प्रश्नाला तो कोर्स उतरतो. ऑनलाइनही कार्यशाळा असतात. पण फी युरो-डॉलरमध्ये. माझं मत असं, की हा खर्च पहिली नोकरी लागल्यावर करा, जमलं तर कंपनीच्या पैशाने. एएमडब्ल्यूएची एमडब्ल्यूसी ही मेडिकल रायटरांची आणि आयएसएमपीपी या पब्लिकेशनवाल्यांच्या संघटनेची सीएमपीपी या प्रमाणपत्र परीक्षा तर अनुभवी लोकांसाठीच आहेत. ‘आमच्या कोर्सनंतर थेट सीएमपीपी’ असं कोणी नवख्याला सांगत असेल तर त्याला स्वतःलाच अटी माहीत नाहीत.

क्लिनिकल रिसर्चचे पदविका अभ्यासक्रम वाईट नसतात. चाचणी कशी चालते ते कळतं. पण लिखाण त्यात चवीपुरतं असतं. फार्माकोव्हिजिलन्सची नोकरी हवी असेल तर उपयोगी. लिहायला शिकायचं असेल तर नुसत्या त्याच्यावर अवलंबून राहू नका.

मराठी ही जमेची बाजू

हे फारसं कोणी सांगत नाही. चाचणीतल्या रुग्णाला समजेल अशा भाषेत संमतीपत्र द्यावं लागतं, म्हणजे महाराष्ट्रातल्या चाचण्यांना मराठी संमतीपत्र लागतंच. बरीचशी भाषांतरं इतकी बोजड असतात की रुग्णाने सही करण्याआधी शब्दकोश उघडावा. तुम्हाला औषधशास्त्रही येतं आणि मराठीही, तर हे काम तुमच्यासाठी आहे.

सराव असा करा. भातलावणीच्या दिवसांत सिंधुदुर्गात लेप्टोची भीती असते. दोडामार्गाकडच्या लोकांना २०१६ पासून माकडतापही ठाऊक आहे. दोन्हींपैकी एक निवडा आणि शेतात जाणाऱ्या माणसासाठी एका पानाचं माहितीपत्रक लिहा. मग ते शेजारच्या काकूंना वाचून दाखवा, आणि ‘ताप आला तर तुम्ही काय कराल?’ एवढंच विचारा. मी लेप्टोचं लिहिलं होतं. काकूंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, ‘उंदराचं मुतलेलं पाणी असं सरळ लिही की, प्रादुर्भावित जलस्रोत काय लिहितेस!’ फुकटात मिळालेला इतका चांगला फीडबॅक दुसरा नाही.

कोर्स चालू असतानाच तीन नमुने तयार ठेवा: एक सारांश, एक सोप्या भाषेतलं पत्रक, आणि काल्पनिक रुग्णावर लिहिलेलं एक नॅरेटिव्ह. खऱ्या रुग्णाची माहिती, अगदी ओळखीच्या दवाखान्यातली असली तरी, कधीही वापरू नका. नमुन्यात ती दिसली तर मुलाखत तिथेच संपते, आणि संपायलाच हवी.

आपल्याकडच्या अडचणी

लाइव्ह तास असलेला कोर्स जूननंतर घेत असाल तर तासांचं रेकॉर्डिंग मिळतं का आणि किती दिवस राहतं, हे विचाराच. २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दिवेआगरकडे वीज यायला किती दिवस लागले, ते तिकडच्यांना सांगायला नको. तेवढं मोठं वादळ नसलं तरी एक माड तारेवर पडला की दुपार गेली. राउटरसाठी छोटा यूपीएस, दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं, आणि असाइनमेंट मुदतीच्या आदल्या दिवशी पाठवायची सवय, एवढं पुरतं.

आणि बॅच ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असेल तर तारखा कालनिर्णयाशी लावून बघा. माझी तिसरी असाइनमेंट नेमकी गौरी-गणपतीच्या विसर्जनाच्या दिवशी द्यायची होती. घरात वीस माणसं, मुंबईचे सगळे आलेले, दारात भजन. मी लॅपटॉप घेऊन मागल्या पडवीत बसले आणि सुरक्षिततेच्या तक्त्यावर पावणेतीनशे शब्द लिहिले. परत आली तेव्हा लाल शेरे फक्त सहा होते.